हळू आवाजातला तोल

दुकानदारानं हेडफोनची जाड पिन पहिल्या अँप्लिफायरमधून उपसली, दुसऱ्यात खुपसली आणि दोन घराण्यांची सोयरीक जमवायला बसलेल्या माणसासारखा समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

ती खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, डोळे मिटलेले. कानांत व्हायोलिन मोठ्यानं वाजत होतं आणि तिच्या कपाळावरची आठी काही हलत नव्हती. थोड्या वेळानं दुकानदारानं डिस्क थांबवली. तिनं हेडफोन मानेवर उतरवला.

"कसा वाटला?"

"हा ढगळ आहे," ती म्हणाली. "खांद्यावरून उतरतोय."

दुकानदार हसला. आवाजाला लोक काय काय म्हणतात हे त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं. कोणाला तो उबदार वाटे, कोणाला कोरडा, आणि एका दंतवैद्याला तर चक्क किडलेला वाटला होता. ढगळ आवाज मात्र त्याच्या दुकानात पहिल्यांदाच आला होता.

"आणि मघाचा?"

"मघाचा काखेत काचत होता. सूर जरा वर गेला की शिवण उसवेल असं वाटायचं."

"ताई, तुम्ही शिवणकाम करता."

"शिवते कमी, उसवते जास्त. लोक जाड होतात, बारीक होतात. कपडे बिचारे आहेत तेवढेच राहतात, मग माझ्याकडे येतात."

दुकानामागची ती खोली जेमतेम दहा पावलांची होती. भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, फळ्यांवर ओळीनं अँप्लिफायर, प्रत्येकाच्या कपाळावर एकेक मिणमिणता दिवा. दाराकडे पाठ करून एकच खुर्ची. बाहेर काउंटरवर दुकानदाराची बहीण वायरी आणि बॅटरी विकत होती. दुपारची वेळ असल्यामुळे ती बहुतेक जांभयाच देत होती.

"ताई, खरं सांगू का," दुकानदार म्हणाला, "तुमचा हा हेडफोन महा हट्टी आहे. वस्तू एक नंबर, पण कोणाशीही पटणारी नाही. हलका अँप दिला तर रुसतो, दांडगा दिला तर किंचाळतो. तुम्हाला नेमकं कसं ऐकायचंय ते सांगा, म्हणजे मला शोधायला बरं."

तिनं हेडफोनच्या गाद्यांवरून अंगठा फिरवला. मखमली गाद्या होत्या, तिनंच शिवलेल्या. मूळच्या फाटल्या तेव्हा नवऱ्यानं काही न बोलता त्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या, आणि तिनं सवतीचं पोलकं शिवावं तशा तोंड वाकडं करत शिवून दिल्या होत्या. टाके मात्र बारीक घातले होते. कामात खोट राहिलेली तिला खपत नसे.

"माझे मिस्टर ऐकायचे, तसं," ती म्हणाली. "रोज साडेसहाला बसायचे. एकोणीस वर्षं. एवढं काय होतं त्यात, ते मला एकदा ऐकायचंय."

"मग त्यांचाच अँप आणायचा ना सोबत."

तिनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"तो मी भंगारात दिला. ते गेल्यावर. काळा लोखंडी डबा होता, वर दोन काचेच्या नळ्या. बघितला की माझं डोकं फिरायचं. दिला उचलून. हा हेडफोन कपाटात होता म्हणून राहिला. ह्याच्या खोक्यात तुमच्या दुकानाचं कार्ड सापडलं."

दुकानदार खाली वाकून वायरी गुंडाळत होता, तो तसाच थांबला.

"पुढे एकच मोठं बटण? आणि बटणाभोवती पांढऱ्या रेघा, हातानं मारलेल्या?"

"हो."

"तो मीच बनवला होता." तो सावकाश सरळ झाला. "म्हणजे तुम्ही काटेकोर साहेबांच्या... वहिनी, मला काही कल्पनाच नाही हो. कधी?"

"आठ महिने झाले."

दुकानदार हातातली वायर गुंडाळत राहिला. ती केव्हाच गुंडाळून झाली होती.

काटेकोर हे नाव दुकानदारानं ठेवलेलं. तिचा नवरा बाजारातले तराजू आणि वजनं तपासायच्या खात्यात होता. दिवसभर दुसऱ्यांचे काटे बघायचे, संध्याकाळी घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि हेडफोन चढवून बसायचं, हा त्याचा क्रम होता. बसायचा तो तिच्या शिवणाच्या टेबलाकडे पाठ करून. तिला त्याचा चेहरा दिसत नसे, फक्त मान, विरळ होत गेलेले केस आणि कानांवरच्या त्या दोन काळ्या वाट्या. कान देऊन ऐकलं तर त्यांतून मुंगी गुणगुणावी एवढा आवाज बाहेर येई.

आणि ती त्या पाठीशी बोलायची. ही सवय कशी लागली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्याच्या तोंडावर तिला बोलता येत नसे, एवढं खरं. लग्नानंतरची पहिली बारा वर्षं तो तिचा उतरलेला चेहरा बघून "काय झालं?" असं विचारायचा, आणि ती "कुठे काय?" म्हणून उठून जायची. गळ्याशी आलेलं गिळून टाकायची खोड तिला माहेरापासूनच होती. मग घरात हेडफोन आला. पहिल्याच संध्याकाळी ती त्याच्या पाठीमागे बसून काज करत होती. मनात नणंदेचं काहीतरी खदखदत होतं, आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की ह्यांना आता काही ऐकू येत नाही. मग काय, बांधच फुटला. तासभर ती बोलत होती. त्या रात्री तिला फार शांत झोप लागली.

तेव्हापासून रोजचंच झालं. "तुम्हाला काय, ऐकू थोडंच येतंय," अशी सुरुवात करायची आणि मनात येईल ते बोलायचं. ती बोलायला लागली की त्याचा उजवा हात हटकून त्या बटणाकडे जाई. वाढवला आवाज, असं ती मनाशी म्हणे. माझी कटकट नको झाली. तिला वाईट वाटे, राग येई, आणि त्या रागाच्या भरात ती आणखी बोले. त्या काळ्या डब्याला तर ती सरळ सवतच म्हणायची. एकदाच, अगदी सुरुवातीला, त्यानं हेडफोन काढून तिच्यापुढे धरला होता. "ऐकतेस?" तिनं सुईत दोरा ओवता ओवताच उत्तर दिलं होतं, "मला कामं आहेत." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. गेले आठ महिने तिला सगळ्यांत जास्त छळत होता तो हा एक शब्द. ऐकतेस?

"तसा दुसरा नाही माझ्याकडे," दुकानदार म्हणाला. "पण त्याचा थोरला भाऊ आहे. साहेबांचा बनवण्याआधी हात बसावा म्हणून मी एक करून बघितला होता. दिसायला कुरूप आहे. आवाज तोच."

त्यानं स्टूल घेतलं, माळ्यावर हात घालून खडबडाट केला आणि धुळीनं माखलेला एक डबा खाली काढला. फुंकर मारली तशी धूळ त्याच्याच डोळ्यांत गेली. डोळे चोळत त्यानं दोन नळ्या खोबणीत बसवल्या, वायरी जोडल्या. नळ्यांच्या पोटात हळूहळू तांबूस उजेड धरायला लागला, आणि तो उजेड बघून तिच्या मनात आलं, ह्या उजेडावर आपण इतकी वर्षं जळलो, आणि आता तोच बघायला मैलभर पायपीट करून आलो.

"पाच-दहा मिनिटं तापू द्यायचा," तो म्हणाला. "साहेबांनी मला ह्याच्यापायी जेरीस आणलं होतं, सांगतो ना. लोक येतात ते जोर मागतात. भिंती हलल्या पाहिजेत, छाती धडधडली पाहिजे. ह्यांचं सगळंच उलटं. जोर नको म्हणाले. आवाज अगदी कमी, ऐकू येईल न येईल एवढा केला तरी दोन्ही कानांत सारखा राहिला पाहिजे. आता हे दिसतं तेवढं सोपं नाही, वहिनी. बटण पार खाली आणलं की बहुतेक अँपचा एक कान आधी मिटतो, दुसरा नंतर. कोणाच्या ते लक्षातही येत नाही, कारण इतकं हळू कोण ऐकतं? हे पाच वेळा डबा परत घेऊन आले. डावीकडे केसभर जास्त आहे म्हणायचे. केसभर! सहाव्या वेळी डोळे मिटून बसले, बटण खाली खाली आणलं आणि म्हणाले, आता बरोबर तोल झाला."

"हळू कशाला हवा होता त्यांना?"

"मीही विचारलं होतं. नुसते हसले."

त्यानं नळ्यांवर हात धरून ऊब बघितली आणि तिला खूण केली. तिनं हेडफोन चढवला. डिस्क अजून सुरू व्हायची होती. तिनं डोळे मिटले आणि वाट बघत राहिली.

पाठीमागे दुकानदार डिस्क पुसत होता. पुसता पुसता तो स्वतःशीच पुटपुटला, "हा गुडघा एक दिवस माझा जीव घेणार. स्टुलावर चढायचं वय आहे का हे?"

"शेकत जा की," ती म्हणाली. "आणि स्टुलावर बहिणीला चढवा. बाहेर बसून जांभयाच देतायत."

"तिला सांगायचं म्हणजे..." तो बोलत होता आणि ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात ती थबकली. तिचे हात हळूहळू कानांकडे गेले. दोन्ही वाट्या जागच्या जागी होत्या. मखमल गालांना टेकलेली होती.

बाहेर बहिणीनं जांभई दिली. तीही ऐकू आली.

तिनं हेडफोन काढला. "तुम्ही मोठ्यानं बोललात का?"

"छे हो. मी आपला मनाशीच."

"मग मला कसं ऐकू आलं?"

"येणारच की." त्यानं हेडफोन तिच्या हातातून घेतला आणि वाटीची बाहेरची बाजू तिच्यापुढे धरली. "ही जाळी बघा. उघड्या पाठीचा आहे हा. मागे झाकण नाहीच. आवाज मोकळा राहावा म्हणून असं करतात. जसा आतला आवाज ह्यातून बाहेर येतो, तसा बाहेरचाही आत जातो."

जाळी तिच्या ओळखीची होती. मशीनच्या छोट्या ब्रशनं तीच तर ती दर आठवड्याला झाडायची. नक्षी आहे, असं तिला वाटायचं.

"आणि वाजत असताना?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मघा मी वाजवत होतो तसं मोठ्यानं असेल, तर नाही. हळू असेल तर सगळं ऐकू येतं. घरात भांडं पडलं तरी कळतं."

ती भिंतीवरच्या गालिच्याकडे बघत राहिली.

शिवणाचं टेबल बुटकं आहे, पाठ मोडते, असं ती बोलली होती. बहिणीकडून चार दिवसांनी परत आली तर टेबलाच्या पायांखाली दोन-दोन इंचांचे ठोकळे बसवलेले. "ऑफिसात पडले होते," एवढंच त्यानं सांगितलं. आयुष्यात समुद्र बघितला नाही, असं बोलली होती, तर पुढच्या महिन्यात तिकडच्या बंदरावरचे काटे तपासायचं काम निघालं आणि तो तिलाही घेऊन गेला. तीन दिवसांत एकही काटा त्यानं तपासल्याचं तिला आठवेना. नणंदेचं येणं कमी झालं होतं. खिडकीची कडी, गरम पाण्याचा नळ, तिच्या चष्म्याचा बदललेला नंबर. हे सगळं आपोआप होत गेलं, असंच ती धरून चालली होती. नशीब जरा बरं आहे आपलं, असंही कधीमधी म्हणाली होती, आणि तेही त्याच्या पाठीलाच.

मग तिला एक वेगळीच संध्याकाळ आठवली. कशावरून ते आता लक्षातही नव्हतं, पण हातातली कात्री आपटून ती म्हणाली होती, तुमच्याशी लग्न केलं तिथेच माझं चुकलं. त्या संध्याकाळी मुंगीचा आवाजही येत नव्हता. नळ्यांचा उजेड होता, पाठ होती, आणि तो जेवायच्या वेळेपर्यंत तसाच बसून होता. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो पुन्हा येऊन तिच्याकडे पाठ करून बसला. रागावून दुसऱ्या खोलीत गेला नाही. एक दिवसही चुकवला नाही.

आणि अगदी शेवटी, त्याचं दुखणं उघड झालं होतं तेव्हाची एक संध्याकाळ. शर्टाला बटण शिवता शिवता ती हळूच म्हणाली होती, "माझ्या आधी जाऊ नका हं." त्याचा हात डब्याच्या बटणावर होता. तो तिथेच राहिला होता, बराच वेळ. हे ऐकू जावं असं काही तिला वाटलं नव्हतं. आता वाटत होतं की ऐकू गेलं असू दे, आणि लगेच वाटत होतं की नको, गेलेलं नसू दे.

"वहिनी, पाणी देऊ?"

"नको." तिनं पदरानं डोळे पुसले. लपवायचं तिला सुचलं नाही. "ह्यांना माहीत होतं का? उघड्या पाठीचा आहे ते?"

"माहीत म्हणजे? मी त्यांना आधी बंद पाठीचाच दाखवला होता. म्हटलं, साहेब, घरात माणसं असतात, आवाज असतात, हा घ्या, जगाशी संबंधच नको. त्यांनी तो लावून बघितला आणि लगेच काढून ठेवला. हा आठ दिवस वापरून बघा म्हणून दिला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात हजर. म्हणाले, हा ठेवून घेतो. आणि ह्याला असा अँप बनवून द्या, जो अगदी हळू वाजेल."

तिनं मान हलवली. मग हेडफोन उचलून पुन्हा कानांवर चढवला, गाद्या नीट बसवल्या, आणि दाराकडे पाठ करून सरळ बसली.

"डिस्क लावा," ती म्हणाली.

व्हायोलिन सुरू झालं. ह्या वेळी ते ना ढगळ होतं, ना काचत होतं. मापाचं होतं. तिनं थोडा वेळ ते ऐकलं. चांगलं होतं, पण त्याच्यासाठी कोणी एकोणीस वर्षं बसावं असं काही त्यात नव्हतं.

"दादा, एक काम कराल? माझ्या मागे उभे राहा आणि बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तक्रारी करा. मला ऐकू येत नाही असं समजा."

बोलायला कधी मागे न हटणारा तो माणूस चांगलाच गडबडला. खाकरला. गुडघ्याबद्दल पुन्हा दोन वाक्यं बोलला. मग बहिणीवर आला, ती चहात साखर कशी विसरते त्यावर. समोर नुसती पाठ होती, ती हसत नव्हती की मान डोलावत नव्हती. हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

"साहेब यायचे बंद झाले ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, दुसरं दुकान धरलं. रागच आला मला. एवढा पाच वेळा डबा खोलून दिला आणि साधं तोंड दाखवायला येत नाहीत, म्हटलं. फोन नंबर होता माझ्याकडे. चार-पाचदा काढला असेल. एक फोन करायला हवा होता, पण मी..."

पुढचं नीट ऐकू येईना. व्हायोलिन मध्ये येत होतं.

तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, अंधारात ओळखीचं काही चाचपावं तसा बटणापाशी गेला. तिनं ते डावीकडे फिरवलं. व्हायोलिन दोन्ही कानांत सारखंच मागे सरलं, अगदी मुंगीएवढं झालं, आणि पाठीमागचं बोलणं श्वासासकट स्वच्छ ऐकू यायला लागलं.

ती मागे वळली नाही.